दुपारच्या शिफ्टचे जॉब लहान का निघतात? मोजमापातल्या चुका आणि त्यांची कारणं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. भोसरीतली शेड, जॉब (घडवायचा भाग) म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा गोल हब, बाहेरचा व्यास ९० मिलिमीटर, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लहान अक्षरातला एच७ (h7), म्हणजे ९०.००० ते ८९.९६५. सीएनसी मशीनवरून उतरल्या उतरल्या ऑपरेटर ७५ ते १०० मिलिमीटर मोजणाऱ्या मायक्रोमीटरने मोजतो, रीडिंग ८९.९८० च्या आसपास येतं, जॉब पास. तोच जॉब ग्राहकाच्या एसी खोलीत सीएमएमवर (जॉबवरचे बिंदू टिपून माप काढणाऱ्या यंत्रावर) ८९.९५ भरतो आणि लॉट परत येतो. मायक्रोमीटरवर कॅलिब्रेशनचा ताजा स्टिकर आहे. परत आलेल्यांत दुपारच्या शिफ्टचे जॉब जास्त, म्हणून त्या शिफ्टच्या ऑपरेटरला ‘माप नीट घेत नाही’ अशी लेखी ताकीद मिळाली आहे. मापनयंत्रांत चुका किती प्रकारच्या असतात आणि त्यातली इथे कोणती, असं तुम्ही विचारलंय.

ताकीद चुकीच्या माणसाला गेली आहे, असं मला तुमच्या आकड्यांवरून वाटतं. टूलरूम आणि कॅलिब्रेशन लॅबमध्ये माझी तीस वर्षं गेली. ‘ऑपरेटरचा हात’ हे कारण या काळात मी असंख्य वेळा ऐकलं, पण शोध घेतल्यावर ते खरं निघालं असं फार थोड्या वेळा घडलं. म्हणून आधी हिशेब करू, वर्गवारी नंतर.

अ‍ॅल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं, पोलाद साधारण ११.५. ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप २० अंश सेल्सिअसचं असतं, तसं लिहिलेलं नसलं तरी. हा करार १९३१ साली आंतरराष्ट्रीय वजन-माप समितीने केला आणि आजही तोच चालतो. तुमच्या ग्राहकाची एसी खोली त्या २० अंशांसाठीच आहे. आता तुमची शेड घ्या. एप्रिलमध्ये दुपारी पत्र्याखाली ३४ अंश धरू, मशीनवरून उतरलेला जॉब ४२ अंश. जॉब २० अंशांच्या वर २२ अंश गेलाय, म्हणजे ९० मिलिमीटरवर साडेपंचेचाळीस मायक्रॉन फुगलाय. मायक्रोमीटर पोलादाचा, तोही ३४ अंशांवर. त्याची पट्टी साडेचौदा मायक्रॉन ताणली गेली आहे. दोघांतला फरक ३१ मायक्रॉन. एवढं माप मायक्रोमीटर जास्त दाखवणार.

सकाळी शेड २४ अंश, जॉब २७ धरला तर हाच फरक १० मायक्रॉन येतो.

म्हणजे दोन्ही शिफ्टच्या ऑपरेटरांनी अगदी काटेकोरपणे ८९.९८० वाचलं, तरी २० अंशांवर सकाळचा जॉब ८९.९७० आणि दुपारचा ८९.९४९ असेल. सकाळचा मर्यादेच्या आत, दुपारचा १६ मायक्रॉन बाहेर. तुमचा अख्खा टॉलरन्स ३५ मायक्रॉनचा आहे, आणि त्यातले ३१ उन्हानेच खाल्ले.

जॉब पोलादाचा असता आणि जॉब व मायक्रोमीटर दोन्ही एकाच तापमानाला असते, तर दोघं सारखेच फुगले असते आणि चूक जवळजवळ दिसलीच नसती. पोलादी शाफ्टवर वर्षानुवर्षं काम केलेल्या शेडमध्ये अ‍ॅल्युमिनियम आलं की पहिल्या उन्हाळ्यात हेच होतं. तोच मायक्रोमीटर, तीच माणसं, तीच पद्धत, आणि लॉट परत यायला लागतात.

यातली तापमानं मी अंदाजाने धरली आहेत, ती तुम्ही मोजायला हवीत. मोजताना एक सापळा आहे. बहुतेक शेडमध्ये तापमानाची लेझरवाली गन असते. ती मशीन केलेल्या चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर रोखू नका. गन वस्तूतून निघणारी उष्णता वाचते, आणि चकचकीत अ‍ॅल्युमिनियम स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतं, उलट आजूबाजूची परावर्तित करतं. ४२ अंशांचा जॉब गन ३५ दाखवेल आणि ‘गरम नाहीच’ असं म्हणून तुम्ही मोकळे व्हाल. जॉबला टेकवायचा प्रोबवाला थर्मामीटर घ्या. तो नसेल तर जॉबवर काळी चिकटपट्टी लावा, ती जॉबइतकी तापू द्या आणि गन त्या पट्टीवर रोखा.

आता वर्गवारीकडे येतो. पुस्तकात ढोबळ, नियमित आणि यादृच्छिक अशी तीन नावं मिळतील. नावं पाठ करण्यापेक्षा एक प्रयोग करा. एकच जॉब सरफेस प्लेटवर (अचूक सपाट पाट्यावर) तासभर ठेवून त्याच जागी, त्याच मायक्रोमीटरने दहा वेळा मोजा आणि प्रत्येक वेळी मायक्रोमीटर पूर्ण उघडून पुन्हा लावा. दहा रीडिंगचा आपापसातला विखुरलेपणा म्हणजे यादृच्छिक चूक. ती हाताच्या दाबातून, तेलाच्या थरातून, दोन रेघांमधलं माप अंदाजाने वाचण्यातून येते. सरासरी काढली की कमी होते. दहाही रीडिंग एकमेकांच्या जवळ पण खऱ्या मापापासून एकाच बाजूला सरकलेली असतील, तर ती नियमित चूक. ती हजार वेळा मोजून सरासरी काढली तरी जागची हलत नाही. तिचं कारण शोधून काढावं लागतं किंवा तिची दुरुस्ती आकड्यात करावी लागते. तापमानाची चूक या दुसऱ्या घरातली. एकच रीडिंग बरोबर अर्धा मिलिमीटर उडालं असेल तर ती ढोबळ चूक: मायक्रोमीटरच्या स्लीव्हवरची (रेघा असलेल्या स्थिर नळीवरची) अर्ध्या मिलिमीटरची रेघ वाचायची राहिली. ही सगळ्यात कमी धोक्याची, कारण ती लगेच डोळ्यांत भरते.

घात करते ती नियमित चूक. सगळी रीडिंग एकमेकांशी जुळतात, त्यामुळे सगळ्यांचा विश्वास बसतो.

म्हणूनच तुमचा ‘एमएसए’चा, म्हणजे मोजण्याची यंत्रणाच तपासण्याचा, अभ्यास चांगला आला असेल तर मला नवल वाटणार नाही. तीन ऑपरेटर, दहा जॉब, प्रत्येकी दोन-तीन वेळा मोजून तुम्ही गेज आर अँड आर, म्हणजे मोजण्यातल्या विखुरलेपणाचा टक्का, काढता. १० टक्क्यांच्या आत असेल तर छान, ३० च्या वर असेल तर यंत्रणा नापास. हा अभ्यास विखुरलेपणा बघतो. तिन्ही ऑपरेटर एकाच गरम शेडमध्ये, एकाच मायक्रोमीटरने मोजतात, त्यामुळे सगळ्यांची रीडिंग सारखीच सरकतात आणि अहवाल स्वच्छ येतो. सरकलेपणा, म्हणजे बायस, वेगळा तपासावा लागतो, आणि त्यासाठी खरं माप माहीत असलेला जॉब लागतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

स्टिकरबद्दलही हेच. तो नाकारू नका, पण त्याच्या मागचं प्रमाणपत्र काढून वाचा. कॅलिब्रेशन एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबमध्ये झालं असेल तर मोजमापाची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत किंवा तशाच एखाद्या राष्ट्रीय मानकापर्यंत जाते, आणि ती साखळी मोलाची आहे. पण लॅबने तुमचा मायक्रोमीटर २० अंशांच्या खोलीत, ठेवून निववून, पोलादी स्लिप गेजवर (अचूक लांबीच्या ठोकळ्यांवर) तपासला. प्रमाणपत्र त्या परिस्थितीबद्दल बोलतं. तुमच्या शेडबद्दल, तुमच्या अ‍ॅल्युमिनियमबद्दल त्यात एक अक्षर नाही. प्रमाणपत्रातले दोन रकाने मात्र नक्की बघा: प्रत्येक मापाला किती चूक आढळली आणि त्या आकड्याची अनिश्चितता किती. तुमच्या मायक्रोमीटरने ९० च्या आसपास ३ मायक्रॉन जास्त दाखवले असतील, तर ते ३ आधीच्या ३१ मध्ये मिळवा. दोन्ही एकाच दिशेचे असतील तर अंतर वाढतं.

इथे मायक्रोमीटरच्या आत डोकवायला हवं, कारण माझ्या मते बहुतेक शेडमध्ये तो चुकीच्या ठिकाणी तपासला जातो. रोज सकाळी काय होतं? सेटिंग रॉड (ठरलेल्या लांबीची दांडी) लावून शून्य बघितलं, बस्स. शून्य बरोबर म्हणजे मायक्रोमीटर बरोबर, असं धरलं जातं. पण शून्य ही स्क्रूवरची एकच जागा आहे. तुम्ही वर्षभर ९० चेच जॉब मोजत असाल, तर ७५ पासून १५ मिलिमीटर पुढचे आटे झिजतात आणि शून्याजवळचे कोरे राहतात. शून्य अचूक, ९० ला चूक. लॅबमध्ये आम्ही २५ मिलिमीटरच्या प्रवासात २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५.०, १७.६, २०.२, २२.८ आणि २५ अशा विचित्र वाटणाऱ्या मापांवर तपासतो. आकडे मुद्दाम तसे निवडलेले असतात. ५, १०, १५ घेतले तर थिंबल (मायक्रोमीटरची फिरवायची नळी) दरवेळी शून्याच्या रेघेवरच थांबेल आणि एका फेऱ्यातली वरखाली चूक कधीच दिसणार नाही. या आकड्यांमुळे थिंबल फेऱ्याच्या वेगवेगळ्या कोनांत थांबते. तुमच्याकडे ९० ची स्लिप गेजची जोडणी करता येत असेल, तर रोजचं शून्य ७५ च्या रॉडवर बघा आणि आठवड्यातून एकदा ९० वर पडताळा.

झीज अ‍ॅन्व्हिलच्या, म्हणजे जॉब टेकतो त्या स्थिर टोकाच्या, तोंडावरही होते. गोल जॉब सतत मधोमध टेकला की तिथे खोलगट चर पडतो. सपाट स्लिप गेज कडांवर टेकते, चर तिला दिसत नाही. ऑप्टिकल फ्लॅट (अगदी सपाट काच) ठेवला की प्रकाशाचे पट्टे वाकलेले दिसतात आणि चर उघडा पडतो. कार्बाइडच्या तोंडाचे मायक्रोमीटर या बाबतीत बरेच टिकतात.

सेटिंग रॉडबद्दल एक वेगळी विनंती. तो हातात धरून बसू नका. ७५ चा पोलादी रॉड हातात धरून पाच अंश तापला, की चार मायक्रॉन वाढतो. त्या फुगलेल्या रॉडवर शून्य लावलं की पुढची सगळी मापं चार मायक्रॉन कमी दिसतात. मायक्रोमीटरच्या फ्रेमवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात त्या यासाठीच, तिथेच धरायचं. मी लॅबमध्ये दुसऱ्याच वर्षी हा धडा शिकलो. १०० ची स्लिप गेज पेटीतून काढली, पुसता पुसता बराच वेळ हातात राहिली, आणि एका ग्राहकाचा चांगला मायक्रोमीटर मी पाच मायक्रॉन चुकीचा म्हणून नापास लिहायला निघालो. माझ्या वरिष्ठांनी काही न बोलता गेज आणि मायक्रोमीटर प्लेटवर शेजारी ठेवले आणि मला दुसरं काम दिलं. तासाभराने पुन्हा मोजायला लावलं. मायक्रोमीटर निर्दोष होता.

दाब हा पुढचा मुद्दा. रॅचेट (थिंबलच्या टोकाची, ठरावीक जोरानंतर घसरणारी कळ) ठरावीक जोर देतो, साधारण ५ ते १० न्यूटन. थिंबल हाताने आवळली तर त्याच्या कितीतरी पट जोर बसतो, आणि तुमचा हब पातळ भिंतीचा असेल तर तो चक्क दबतो. तेव्हा रीडिंग कमी येतं. तुमच्याकडे उलट दिशेची चूक आहे, म्हणून जोर हे मूळ कारण वाटत नाही. तरी रॅचेट घसरतोय की अडकतोय ते बघून घ्या.

व्हर्निअरने हे माप कोणी घेत असेल तर आजच थांबवा. एर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्ये सांगितलेलं तत्त्व असं, की मोजायची रेषा आणि पट्टीची रेषा एकाच सरळ रेषेत असावी. मायक्रोमीटरमध्ये ती असते, व्हर्निअरमध्ये नसते. जबडा पट्टीपासून खाली लोंबतो. सरकता जबडा ढिला होऊन अंशाचा साठावा भाग जरी कलला, तरी पट्टीपासून ४० मिलिमीटर खाली त्याची चूक जवळपास १२ मायक्रॉन होते. डिजिटल व्हर्निअर ०.०१ दाखवतो म्हणून तो ०.०१ पर्यंत अचूक असतो असं नाही. पडद्यावर दिसणारा शेवटचा अंक आणि यंत्राची अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा गोंधळ मी शिकलेल्या इंजिनिअरांमध्येही फार पाहिला आहे.

डायलबद्दल, म्हणजे टेकवलेल्या टोकाची हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या यंत्राबद्दल, थोडक्यात. प्लंजर डायलमध्ये दात आणि गिअर असतात, त्यामुळे काटा वर जाताना आणि खाली येताना एकाच ठिकाणी थोडा वेगळा थांबतो. म्हणून नेहमी एकाच दिशेने मापावर या. लिव्हर डायलचं टेकणारं बोट पृष्ठभागाला शक्य तितकं समांतर ठेवा. ते ३० अंश कललं तर काटा ०.१० दाखवतो तेव्हा खरा फरक ०.०८७ असतो.

तापमानानंतर माझा सगळ्यात मोठा संशय चकवर, म्हणजे मशीनमध्ये जॉब पकडणाऱ्या भागावर, आहे, आणि हा भाग नीट वाचा. पातळ हब तीन जबड्यांच्या हायड्रॉलिक चकमध्ये घट्ट आवळला की तो किंचित तिकोनी दबतो. त्या दबलेल्या अवस्थेत टूल त्याला गोल कापतो. जबडे सुटले की हब मूळ जागी उसळतो आणि कापलेला गोल तिकोनी होतो. असा तिकोनी आकार मायक्रोमीटरला दिसत नाही. एका बाजूला फुगवटा, त्याच्या बरोबर समोर खोलगटपणा, म्हणून कुठेही लावा, व्यास जवळजवळ तोच भरतो. सीएमएम मात्र परिघावर अनेक बिंदू घेऊन त्यातून वर्तुळ बसवतो, आणि ते वर्तुळ कोणत्या नियमाने बसवायचं हे प्रोग्रॅममध्ये निवडलेलं असतं. म्हणजे तुम्ही आणि ग्राहक वेगवेगळ्या गोष्टींना ‘व्यास’ म्हणत आहात. यात यंत्राचा दोष नाही. काय मोजायचं हे आधी ठरवलेलं नव्हतं, आणि मी याला मोजमापातलीच चूक धरतो. हब व्ही-ब्लॉकमध्ये (इंग्रजी व्हीसारखी खाच असलेल्या ठोकळ्यात) ठेवून वरून डायल लावा आणि हळूहळू फिरवा. एका फेऱ्यात काटा तीनदा वर-खाली झाला तर तिकोनीपणा आहे. ग्राहकाकडून व्यासाची व्याख्या लेखी मागवा.

चकचा दाब कमी करायला गेलात तर प्रेशर गेजकडेही बघा. ० ते ६० बारचा, १.६ वर्गाचा गेज असेल, तर त्याची मान्य चूक पूर्ण पट्टीच्या १.६ टक्के, म्हणजे जवळजवळ १ बार, कुठल्याही मापावर. ५० बारला ती २ टक्क्यांत जाते. पण पातळ जॉबसाठी १० बार लावाल तेव्हा तीच १ बार १० टक्के होते. गेज नेहमी असा निवडावा की कामाचा दाब पट्टीच्या मधल्या भागात येईल. वजनकाटे, अँपिअरमीटर अशा यंत्रांनाही हा पट्टीचा नियम लागतो, पण तुमच्या प्रश्नात ते येत नाहीत म्हणून सोडून देतो.

आता काय करायचं. उद्या दुपारी, ज्या ऑपरेटरला ताकीद मिळाली त्याच्याच हातून, एक जॉब मशीनवरून उतरताच मोजा. मग तो ओतीव लोखंडाच्या सरफेस प्लेटवर ठेवा आणि ५, १५, ३०, ६० मिनिटांनी त्याच जागी पुन्हा मोजून घ्या. दरवेळी जॉबचं आणि शेडचं तापमान लिहा. जागेवर मार्करने खूण करा. रीडिंग उतरत जाईल आणि मग थांबेल. किती उतरलं तो तुमचा गरम जॉबचा हिस्सा. ४२ वरून ३४ अंशांपर्यंत उतरताना साधारण १६-१७ मायक्रॉन जायला हवेत. उरलेला हिस्सा शेड २० अंशांवर नसल्याचा, तो नुसतं थांबून जाणार नाही.

तो घालवायला पूर्ण शेडला एसी लावायची गरज नाही. याच लॉटच्या, याच मिश्रधातूच्या दोन चांगल्या हबवर खूण करून ते एनएबीएल लॅबमधून २० अंशांवर मोजून आणा. हे तुमचे मास्टर. एक मशीनजवळच ठेवा, म्हणजे तो शेडइतकाच तापेल आणि जॉबसारखाच फुगेल. शेडमध्ये निवलेला जॉब आणि मास्टर एकाच मायक्रोमीटरने, किंवा त्याहून चांगलं म्हणजे डायल लावलेल्या स्नॅप गेजने (जॉब दोन टोकांत बसवून मोजणाऱ्या मापकाने), एकामागोमाग मोजा आणि फक्त फरक बघा. दोघं एकाच धातूचे आणि एकाच तापमानाला असल्याने प्रसरण वजाबाकीत निघून जातं. आट्यांची झीजही बरीचशी निघून जाते, कारण दोन्ही मापं स्क्रूच्या त्याच जागेवर पडतात. मघाशी म्हटलेला बायसही याच मास्टरवर कळेल. दुसरा मास्टर कपाटात ठेवा आणि महिन्यातून एकदा दोघांची तुलना करा. मशीनजवळचा हाताळून हाताळून झिजेल किंवा कुठेतरी आपटेल.

तपासणीच्या तक्त्यात जॉबचं तापमान लिहायला एक रकाना वाढवा.

तासाभराचा प्रयोग झाला की पाच रीडिंग, दोन्ही तापमानं, हबच्या भिंतीची जाडी आणि व्ही-ब्लॉकवर काटा किती हलला, एवढं मला कळवा. बेरीज ग्राहकाच्या आकड्यापर्यंत पोचत नसेल तर प्रमाणपत्राचा ९० जवळचा रकानाही पाठवा. आणि हे आकडे हातात आले की आधी तुमच्या साहेबांसमोर ठेवा आणि त्या ऑपरेटरच्या फाइलमधलं पत्र काढून घ्यायला सांगा.